तुकड्यातुकड्यांची दुपार आणि क्रोशाची सुई

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात वेळच वेळ असतो, हा समज ज्यांना घर चालवावं लागत नाही त्यांचा आहे. जबलपुरात मे महिन्यात पारा सहज 42-43 अंशांच्या घरात जातो. सकाळी दहालाच दारं-खिडक्या बंद होतात, पडदे ओढले जातात, कूलर सुरू होतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत बाहेर पडायचं कुणी नाव काढत नाही. हे सात तास घड्याळात सलग दिसतात, पण हाताशी येतात ते तुकड्यातुकड्यांनी. कूलरच्या टाकीतलं पाणी संपतं, गच्चीवरच्या कुरडया उलटायच्या असतात, सुट्टीला आलेल्या मुलांना दर तासाला भूक लागते, कुणीतरी रिकामा माठ तसाच ठेवून जातं, मध्येच वीज जाते. अशा दुपारी विसावा मिळवायचा तर तो दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांतच मिळवावा लागतो आणि बहुतेक छंद इथेच हार खातात. पेटीच्या रियाजाला सलग तास हवा, चित्रकलेला मांडामांड आणि आवराआवर हवी, जाड कादंबरी तिसऱ्यांदा मिटून ठेवावी लागली की पात्रांची नावंही आठवेनाशी होतात. क्रोशाकाम मात्र अशा मोडक्या वेळात तगून राहतं. क्रोशानं मन निवतं असं सगळेच सांगतात, पण ते का निवतं याचं उत्तर मला या कामाच्या रचनेत दिसतं. ते कुठेही थांबवता येतं, कुठूनही पुन्हा धरता येतं आणि चुकलं तर काही न गमावता मागे नेता येतं. या तिन्ही सोयींना एक अट मात्र आहे: किती आणि कधीपर्यंत विणायचं, हे विणणाऱ्यानेच ठरवलं पाहिजे.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 साली इंग्रजांकडे गेला. मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये इथेच जुळला. 1904 मध्ये तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हे शहर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि कारखाने यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबं इथे येत राहिली आणि स्थिरावली. भाषेत हिंदी मिसळली तरी लग्नातलं रुखवत त्यांनी सोडलं नाही आणि रुखवतात क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, चौरंगावरचं आच्छादन मांडायची रीत सोबत राहिली. इथल्या हवेनं हातकामाचं एक पंचांगही आखून दिलं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं, तेव्हा गच्चीवरच्या उन्हात दोन सुयांवर लोकरीचे स्वेटर होतात. एप्रिल लागला की लोकर हातात धरवत नाही. तेव्हा सुती दोरा आणि क्रोशाची सुई बाहेर येते.

दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा यांत वरवर पाहता फरक सुयांच्या संख्येचा आहे. खरा फरक जिवंत टाक्यांचा आहे. स्वेटरची पाठ विणताना सुईवर शंभराच्या आसपास टाके एकाच वेळी उघडे असतात. त्यातला एक निसटला तर तो ओळीओळीने खाली धावतो आणि तो उचलून परत वर आणणं हे नवशिक्याच्या हातचं काम नसतं. म्हणून दोन सुयांवर विणणारी व्यक्ती 'थांब, ही ओळ संपू दे' असं म्हणते. क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर फक्त एकच टाका उघडा असतो. बाकी सगळे टाके आपापल्या जागी बंद झालेले असतात. दाराची घंटा वाजली की तो एक टाका जरा मोठा ओढायचा, फार तर त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. ओळीच्या मध्ये, खांब नावाच्या उंच टाक्याच्या मध्ये, कुठेही. परत आल्यावर काय चाललं होतं हे कापडाकडे पाहूनच कळतं, कारण प्रत्येक टाका डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो. चूक झाली तर सुई काढून दोरा ओढायचा. टाके ज्या क्रमाने घातले त्याच्या बरोब्बर उलट क्रमाने सुटत जातात आणि चुकीच्या जागेपाशी पोचलं की थांबायचं. दोरा वाया जात नाही. घरातल्या बाकीच्या कामांशी ताडून पाहिलं तर ही सोय किती दुर्मीळ आहे ते कळतं. लोणच्यात मीठ जास्त पडलं तर ते परत काढता येत नाही, ब्लाउजचं कापड चुकीचं कापलं गेलं तर संपलं. दिवसभर अशा न परतणाऱ्या कामांत अडकलेल्या माणसाला पूर्ण मागे फिरवता येणारं एखादं काम मिळणं, हीच मुळात मोठी सुटका आहे.

एक वस्तू जवळून पाहू. ताकाच्या किंवा पन्ह्याच्या भांड्यावर टाकायचं, काठाला मणी लावलेलं जाळीदार गोल झाकण. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात याच्याइतकी नेमकी वस्तू कमीच सापडेल: माशी आत जात नाही, हवा खेळती राहते आणि काठावरच्या काचेच्या मण्यांच्या वजनामुळे कूलरच्या झोतानं ते उडत नाही. मणी शेवटी लावायचे असले तरी विणायला बसण्याआधीच ते दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात आणि काठ येईपर्यंत ते दोऱ्यावरून मागे सरकवत राहावं लागतं. सुरुवात सहा साखळ्यांच्या कड्याने होते. कड्यात बारा खांब. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत छत्तीस, चौथ्या फेरीत अठ्ठेचाळीस. दर फेरीला बारा वाढवत गेलं की गोल सपाट राहतो. बाराच का? वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटींहून थोडा जास्त असतो. मुका खांब, म्हणजे आखूड टाका, साधारण जितका रुंद तितकाच उंच, म्हणून मुक्या खांबाच्या गोलात दर फेरीला सहा टाके वाढवले की जमतं. खांब रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा लागतात. यापेक्षा कमी वाढवले तर गोल वाटीसारखा वर वळतो आणि टोपी होते. जास्त वाढवले तर काठाला झालर पडते. ही झालर गणिताच्या कामालाही आली आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या दायना टायमिन्या यांनी 1997 साली टाके मुद्दाम वाढवत नेऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग विणून दाखवला. कागदाची नाजूक प्रतिमानं जिथे फाटत होती, तिथे विद्यार्थ्यांना हातात धरून दुमडता येईल असं भूमितीचं रूप क्रोशाने दिलं. वाढत्या टाक्यांची झालर लाखो हातांनी रुमालांच्या काठाला आधीपासून घातली होती, पण त्याला गणित म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

टाके मोजण्याच्या या सवयीत विसाव्याचा दुसरा धागा आहे. काळजी करणारं मन शब्दांत काळजी करतं: उद्याची बिलं, निकाल, कुणीतरी लावून बोललेलं वाक्य. मनातल्या मनात 'एकावर एक, पुढच्यावर दोन' असं मोजत राहिलं की त्या शब्दांना मिळणारी जागा आकसते. मोजणी इतकी सोपी असते की थकवा येत नाही आणि इतकी सततची असते की मन पार मोकाट सुटत नाही. अमेरिकेतले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 मध्ये शरीर शिथिल होण्याच्या प्रतिसादाबद्दल लिहिताना एका शब्दाच्या, नादाच्या किंवा हालचालीच्या पुनरावृत्तीवर भर दिला होता. जपमाळ ओढणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. क्रोशात ही पुनरावृत्ती हाताला आणि मनाला एकाच वेळी मिळते, वर दर मिनिटाला काहीतरी वाढलेलं डोळ्यांना दिसतं.

याला पुरावा काय? ऑस्ट्रेलियातल्या वूलनगाँग विद्यापीठाच्या पिपा बर्न्स आणि रोझमेरी व्हॅन डेर मीर यांनी क्रोशा विणणाऱ्यांची मोठी पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. 87 देशांतल्या 8,391 जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या 89.5 टक्के लोकांनी क्रोशामुळे शांत वाटतं असं सांगितलं, 82 टक्क्यांनी आनंदी वाटतं असं सांगितलं आणि जवळजवळ तीन चतुर्थांशांनी आपण उपयोगी आहोत असं वाटतं असं नोंदवलं. त्याआधी 2013 मध्ये जिल रायली आणि सहकाऱ्यांनी दोन सुयांवर विणणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. जे जास्त वेळा विणतात त्यांना शांत आणि आनंदी वाटण्याचं प्रमाणही जास्त, असा संबंध तिथे दिसला. आता यावरचा आक्षेप उघड आहे आणि तो रास्त आहे. अशा पाहणीला उत्तर द्यायला कोण येतं? ज्याला क्रोशा आवडतो तोच. ज्यानं दोन दिवसांत कंटाळून सुई ड्रॉवरमध्ये टाकली, तो या 8,391 जणांत नाही. शिवाय ज्याचं मन मुळात शांत आहे तोच जास्त विणत असेल, अशीही शक्यता उरतेच. म्हणून या आकड्यांवरून क्रोशा हा चिंतेवरचा किंवा नैराश्यावरचा इलाज आहे असं म्हणता येत नाही आणि तसं कुणी म्हणू नये. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याच्या हातात सुई देणं हा अन्याय आहे. पण या पाहण्या एवढं नक्की सांगतात की ज्यांनी हा छंद धरून ठेवला, त्यांना त्यातून जे मिळतं त्यात शांतपणा अगदी वरच्या क्रमांकावर आहे. सुंदर वस्तू मिळते, पैसे वाचतात, भेट देता येते, ही कारणं असूनही लोक आधी मनाची गोष्ट बोलतात. एका घरगुती छंदाला गंभीरपणे घेण्यासाठी एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

उन्हाळ्यात विणकाम म्हणजे घामाने चिकट झालेला दोरा, हा दुसरा आक्षेप. तो लोकरीबाबत खरा आहे आणि ऋतूबाबत अर्धाच खरा आहे. जबलपूरचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणूनच इथे कूलर चालतो: गवताच्या किंवा वाळ्याच्या ओल्या पॅडमधून जाणारी कोरडी हवा पाणी शोषते आणि थंड होते. त्याच कोरड्या हवेत तळहाताचा घामही टिकत नाही. सुती दोरा आपल्या कोरड्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि ओला झाला की कमकुवत व्हायच्या ऐवजी थोडा बळकटच होतो. याउलट बाजारात 'बेबी वूल' म्हणून मिळणारा बराचसा दोरा ॲक्रिलिकचा असतो. तो ओलावा जवळजवळ धरतच नाही, म्हणून कोरड्या हवेत बोटांना चिकटतो, त्याच्यावर केस आणि धूळ बसते. तेव्हा मे महिन्यात दीड-दोन मिलिमीटरची स्टीलची सुई, घट्ट पिळाचा सुती दोरा आणि मांडीवर न पसरणारी लहान वस्तू एवढं पथ्य पुरतं. झालेली वस्तू धुऊन, तांदळाच्या पातळ कांजीत बुडवून, टॉवेलवर टाचण्यांनी ताणून ठेवली की त्या हवेत पाहता पाहता वाळते आणि आकार धरते. नवतपाचे, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक, नऊ दिवस यासाठी उत्तम. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला, हवा दमट झाली की कूलरही निकामी होतो आणि हातही ओले राहतात. तेव्हा खुशाल पांढरं काम बाजूला ठेवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. बायकांना घरात बसवून ठेवण्यासाठीच ही हातकामं शिकवली गेली आणि त्यांना 'छंद', 'विरंगुळा' म्हणणं ही त्याचीच पुढची पायरी, असं म्हणणाऱ्यांच्या हातात इतिहासाचा भक्कम पुरावा आहे. क्रोशा ही फार प्राचीन कला नाही. तिची छापील वर्णनं 1820 च्या दशकातल्या डच मासिकापर्यंतच मागे जातात. ती जगभर पसरली ती मात्र गरजेच्या वाटेनं. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी आणि धर्मादाय शाळांनी मुली-बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती लंडन-पॅरिसच्या श्रीमंतांना विकली गेली. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूर परिसरात ही लेस मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणली. तिथल्या बायकांवर मारिया मीस यांचं 1982 साली आलेलं पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे. घरचं सगळं काम उरकून त्या दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणत होत्या, माल परदेशी जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते. आणि तरीही त्या 'गृहिणी' होत्या, कामगार नव्हत्या, कारण त्यांचं विणणं हे फावल्या वेळातलं मानलं जात होतं. म्हणजे विरंगुळा हा शब्दच मजुरी बुडवायच्या कामी आला. खुद्द जबलपुरातही हातकामाचा असाच एक जबरदस्तीचा अध्याय आहे. ज्यांच्या नावानं स्लीमनाबाद वसलं, त्या इंग्रज अधिकारी स्लीमन यांच्या पुढाकारानं 1830 च्या दशकाच्या अखेरीस माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी इथे उद्योगशाळा सुरू झाली. ठग आणि त्यांची मुलं तिथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू बनवत. काम सुबक होत असे. पण दिवसभर त्याच त्या हालचाली करणाऱ्या त्या हातांना विसावा मिळत असेल, असं कुणीही म्हणणार नाही.

ही उदाहरणं मला माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाणारी वाटत नाहीत. ती तो मुद्दा पक्का करतात. नरसापूरच्या बाईच्या हातात तीच सुई होती, तोच खांब, तीच साखळी. बदलली होती ती एकच गोष्ट: किती विणायचं तो आकडा दुसऱ्याचा होता. आकडा दुसऱ्याचा झाला की कुठेही थांबण्याची सोय कागदावरच राहते आणि उसवणं म्हणजे मजुरी गमावणं होतं. घरातसुद्धा हे घडतं. वैशाखातलं लग्न ठरलं, रुखवतासाठी अकरा रुमाल पाहिजेत असा निरोप आला की त्याच खुर्चीत, त्याच कूलरसमोर बसून विणताना मान अवघडते आणि चिडचिड होते. ते करू नये असं नाही. प्रेमानं केलेल्या कामाचं मोल वेगळंच आहे. पण त्याला विसावा म्हणू नये आणि करणारीला 'तुला तर आवडतंच ना' असं ऐकवू नये. तसंच हा छंद बाईचाच का असावा, यालाही काही उत्तर नाही. मोजता येणारे डोळे आणि सुई धरता येणारी बोटं एवढीच याची पात्रता आहे. निवृत्तीनंतर दुपारभर रिमोटची बटणं दाबत बसणाऱ्या घरातल्या ज्येष्ठ पुरुषांना याची गरज कुणाहूनही कमी नाही. मात्र त्यांनी क्रोशा घेतला तर रिकामा माठ भरायचं कामही अधूनमधून त्यांनीच उठून करायला हवं; थांबता येण्याची सोय दोघांनाही सारखीच आहे.

शरीराचं पथ्य थोडक्यात सांगून होतं. बारीक दोरा, अंधारी खोली आणि गडद रंग हे तिन्ही एकत्र आले की डोळे दुखतात, म्हणून पडदे ओढलेल्या दुपारी फिका दोरा घ्यावा आणि दिवा मागून, खांद्यावरून येऊ द्यावा. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला तर सुई फार घट्ट धरली जाते आहे असं समजावं, जाड मुठीची सुई घ्यावी आणि काही दिवस हात थांबवावा.

शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विणणाऱ्याला विचारला जातो: इतकं छान करतेस तर विकत का नाहीस? मघाच्या झाकणाचाच हिशोब घालू. वीस फेऱ्यांचा, साधारण वीतभर रुंदीचा गोल. पहिल्या फेरीत बारा, विसाव्या फेरीत दोनशे चाळीस. सगळे मिळून 2,520 खांब. सरावलेल्या हातानं मिनिटाला पंधरा घातले तरी 168 मिनिटं, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त, आणि मणी, धुणं, ताणणं वेगळंच. या कामाला यंत्राचा पर्यायही नाही. दुकानात मिळणारी 'क्रोशाची' लेस यंत्रावर झालेली असेल तर ती निराळ्या प्रकारची वीण असते. सुईला कापडात हव्या त्या जागी शिरून दोरा ओढून आणावा लागतो, ते बाजारात माल पुरवू शकेल अशा यंत्राला अजून साधलेलं नाही. म्हणजे मॉलमध्ये टांगलेला खरा क्रोशाचा टॉपही कुणीतरी हातानेच विणलेला असतो. जी विणते तिनं विकायचंच ठरवलं तर पूर्ण तीन तासांची, कुशल कामाची मजुरी सांगावी. ती ऐकून विचारणारा मागे हटला तर झाकण आपल्याच ताकाच्या भांड्यावर घालावं. आणि 'पन्नास रुपयांत दे ना' म्हणणाऱ्याला घरात एखादी जादा सुई असेल तर ती द्यावी, शेजारी बसवून पहिल्या सहा साखळ्या शिकवाव्यात.